मधली खुर्ची

१

मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला सगळंच गोड लागतं. कृष्णकांत मास्तर तर मुळातच गोड मानून घेणारे. उन्हाळा लागता लागता ते दवाखान्यातून सिंदी मेघेच्या घरी परतले, आणि तेव्हापासून त्यांना बिनमिठाच्या भाजीचं कौतुक, गोळ्यांच्या डबीचं कौतुक, आणि पद्माताई दुपारी घोरायच्या त्याचंही कौतुक. बायको घोरते आहे म्हणजे ती सुखात आहे, आणि आपल्याला ते ऐकू येतंय म्हणजे आपणही आहोत, असा त्यांचा सरळ हिशेब होता. हा हिशेब पद्माताईंना बोलून दाखवण्याइतके मात्र ते अजून बरे झाले नव्हते.

सगळ्यांत मोठं कौतुक इलाचं. एकुलती एक लेक, बंगळूरला नोकरीला. बापाच्या छातीत कळ आली म्हणून जी निघाली, ती कपड्यांची एक बॅग आणि लॅपटॉप घेऊन घरीच राहिली. ऑफिसनं घरून काम करायची मुभा दिली होती. अट एकच, नेट चांगलं पाहिजे. सकाळी तिच्या खोलीतून इंग्रजीत बोलण्याचा आवाज येऊ लागला की मास्तर पेपर बाजूला ठेवून नुसते ऐकत बसत. लेक घरात आहे, याहून मोठं औषध डॉक्टरनं दिलेलं नव्हतं.

पण नेट चांगलं नव्हतं. इलाचं बोलणं मध्येच तुटायचं, समोरच्यांची तोंडं पडद्यावर अर्धवट उघडी थिजायची. "हॅलो, ऐकू येऊन राह्यलं का" हे वाक्य ती मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत म्हणून दमायची. पूर्वी असं कधी होत नव्हतं. मास्तर घरी आले त्या दिवसापासून ते सुरू झालं होतं, पण हा योगायोग तेव्हा कोणाच्या लक्षात आला नाही.

२

आधी घरगुती उपाय झाले. राउटर बंद करून चालू केला. पुन्हा केला. पद्माताईंनी तो फडक्यानं पुसला, कारण त्यांच्या मते घरातली निम्मी यंत्रं धुळीनं आजारी पडतात. शेवटी नेट जोडून देणाऱ्या धीरजला बोलावलं. धीरज दोन पोरांचा बाप, कामाचा पक्का आणि बोलण्याचा त्याहून पक्का.

त्यानं मास्तरांच्या खोलीतल्या राउटरला वायर लावून लॅपटॉप जोडला. "पाहा सर, लाइन तं एकदम फर्स्टक्लास आहे. आपल्याकडून काही कमी नाई."

"मंग इलाच्या टेबलावर काऊन येत नाई?" मास्तरांनी विचारलं.

"शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर एकाच चॅनलवर भांडून राह्यले असन. चॅनल बदलून देतो."

चॅनल बदललं. मग राउटर उंच कपाटावर ठेवला. मग राउटरच नवा बसवला. राउटरपाशी नेट सुसाट, इलाच्या टेबलावर ठणठणाट. घर सरळ रेषेतलं होतं. पुढं मास्तरांची खोली, मध्ये बैठक, मागं इलाची खोली. तिन्ही दारं समोरासमोर, राउटरपासून टेबलापर्यंत भिंत म्हणून आडवी येत नव्हती. धीरजनं डोकं खाजवलं.

"मधातच काही तरी अडून राह्यलं सर. पाण्याची टाकी, ॲक्वेरियम, असं काही असलं तं होते असं."

मास्तरांचा चेहरा उजळला. सारी हयात वडनेरच्या शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस तो. पाणी या लहरी पिऊन टाकतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि बैठकीच्या खिडकीत भला मोठा कूलर पोटभर पाणी घेऊन बसला होता. वर्ध्याच्या मे महिन्यात कूलर हलवायचा म्हणजे घरात बंड, पण लेकीसाठी तेही झालं. कूलर रिकामा करून मागच्या अंगणात नेला. सगळे घामाघूम होऊन इलाच्या टेबलाभोवती उभे राहिले. नेट तितकंच मंद.

"आता कूलर पहिले आणून ठेवा," पद्माताई म्हणाल्या. "नेटबिगर माणूस मरत नाई, उन्हानं मरते."

३

मास्तरांच्या घरात एक वेळ तांदूळ संपतील, खडू संपायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांनी खडूची पेटी काढली, फोनवर वेग मोजायचं ॲप उघडलं आणि आपल्या खोलीपासून हळूहळू चालायला लागले. जिथं काटा पूर्ण वर, तिथं फरशीवर गोल. जिथं काटा पडला, तिथं फुली. पद्माताई पलंगावर घोरत होत्या. इला कानाला यंत्र लावून कामात. दुपारची बैठक अर्ध्या उजेडात होती, कूलरचा एकसुरी आवाज चालला होता आणि मास्तरांना बऱ्याच दिवसांनी शाळेत असल्यासारखं वाटत होतं.

बैठकीच्या दारापर्यंत गोल. पुढं मधोमधच्या वेताच्या खुर्चीपर्यंत गोल. खुर्चीच्या मागं एक पाऊल टाकलं आणि काटा खाली आला.

त्यांनी पुढं जाऊन पाहिलं, मागं येऊन पाहिलं. फुल्या खुर्चीच्या रुंदीनं सुरू होत होत्या आणि मागं इलाच्या खोलीकडं पसरत जात होत्या. तिचं टेबल बरोबर त्या पसाऱ्यात सापडलं होतं. ही आकृती त्यांनी फळ्यावर शेकडो वेळा काढली होती. एकीकडं दिवा, मध्ये वस्तू, पलीकडं सावली. इथं दिवा होता आणि सावलीही होती, पण मध्ये होती ती नुसती वेताची खुर्ची, जिच्यातून वारा जातो, उजेड जातो. त्यांनी मनाशी कारणं मांडली. फरशीखाली लोखंड असेल. खुर्चीत खिळे असतील. एखादा पाइप असेल जो आपल्याला माहीत नाही.

मग त्यांनी सावलीची उंची पाहिली. फोन फरशीपाशी धरला, काटा थोडा हलला. खुर्चीवर बसायच्या पातळीला धरला, मेला. खुर्चीच्या पाठीच्या वर धरला, तरी मेलेलाच. आणखी थोडा वर नेला आणि काटा एकदम उठला. तिथं त्यांचा हात थबकला. खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं जिथं संपेल, नेमकी ती उंची होती.

आपणच बसून ताडून पाहावं म्हणून ते खुर्चीपाशी गेले. पण बसवेना. कोणाच्या मांडीवर आपण बसू पाहतो आहोत असा काहीतरी वेडगळ विचार मनात आला, आणि मास्तरांनी खडू पेटीत ठेवून दिला.

४

शिकलेला माणूस घाबरला की आधी प्रयोग करतो. मास्तरांनी झाडझूड करायचं निमित्त काढून ती खुर्ची पद्माताईंकडून अंगणात ठेववली.

"बाबा, आलं नेट," इला आतून म्हणाली. मास्तरांनी फोन पाहिला. सगळीकडं काटा वर. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी पद्माताईंना खुर्चीबद्दलचे सारे विचार सांगायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आत इलाचं वाक्य पुन्हा मध्येच तुटलं.

ते फोन घेऊन फिरले. आता सावली खुर्चीच्या जागेवरून पडत नव्हती. ती दिवाणावरून पडत होती, इलाच्या दाराला लागून असलेल्या टोकावरून. दिवाण मोकळा, लांबरुंद, तरी अगदी काठावरून. घरात नवखा आलेला माणूस, ज्याची खुर्ची कोणी काढून घेतली, तो जसा अंग चोरून कडेला टेकतो, तितकीच ती रुंदी होती.

मास्तरांना भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण भीतीच्या आधी त्यांना लाज वाटली. बसलेल्या माणसाखालची खुर्ची ओढून घ्यायची, असं त्यांच्या घरात कधी झालं नव्हतं. ते स्वतः अंगणात गेले, डॉक्टरांनी ओझं उचलायला मना केलेलं असताना खुर्ची उचलून आणली आणि होती तिथं ठेवली.

"माफ करा," ते म्हणाले.

"कोणाले म्हणून राह्यले?" पद्माताईंनी विचारलं.

"खुर्चीले."

"खुर्चीले माफ करा म्हणता. मले तं इतक्या वर्षांत कधी म्हटलं नाई."

मास्तर हसले. हसता हसता त्यांनी फोन हळूच दिवाणाकडं धरला. काटा वर होता. मग खुर्चीमागं धरला. तिथं तो पडलेला होता.

५

त्या आठवड्यात मास्तर बैठकीत फार थांबले नाहीत. जाता येता मात्र ते खुर्चीला वळसा घालून जात. वेत उन्हानं तडकतो, करकरतो, हे त्यांना माहीत होतं. एकदा ते पाणी प्यायला निघाले आणि मागं कोणीतरी हलकेच खाकरलं. बोलायच्या आधी गळा साफ करतात तसं. वेत खाकरत नाही.

ती खाकर त्यांच्या ओळखीची होती.

दवाखान्यात, जिथं दिवस आणि रात्र एकसारखेच पांढरे असतात, तिथं त्यांच्या कॉटच्या डाव्या हाताला हिरवा पडदा होता. मास्तरांची शुद्ध हळूहळू सुटत चालली होती. दुखत नव्हतं, उलट फार बरं वाटत होतं, गाढ झोपेच्या काठावर वाटतं तसं. तेव्हा पडद्यामागून कोणी खाकरलं आणि म्हाताऱ्या, गावाकडच्या आवाजात विचारलं, "मास्तर, झोपले का? एक सांगा ना. ईज आधी दिसते, मंग तिचा आवाज येते. असं काऊन?"

आता मास्तरांचा स्वभाव असा की पोरानं प्रश्न विचारला आणि त्यांनी उत्तर दिलं नाही, असं कधी घडलेलं नाही. त्यांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मुखवटा सावरत उजेडाचा वेग सांगितला, आवाजाचा सांगितला. तोवर दुसरा प्रश्न आला. उन्हाळ्यात माठातलं पाणी थंड काऊन होते? मग तिसरा. चंद्र आपल्यासंगं चालते असं काऊन दिसते? झोप गोड होती, पण प्रश्न अर्धा सोडून झोपणार कसं? "मी तानबा," आवाज म्हणाला. "शाळा नाई झाली माही. आज तुमी सापडले तं इचारून घेतो." असे ते बोलत राहिले, मास्तर सांगत राहिले, आणि शेवटी डॉक्टर येऊन म्हणाले की सर, धोका टळला. तुम्ही जागे राहिलात हे फार बरं झालं.

घरी न्यायला चाकांच्या खुर्चीवर बसवलं तेव्हा मास्तरांचे डोळे भरून आले होते. पडद्याखाली दोन अनवाणी पावलं तेवढी दिसली, भेगांत काळी माती भरलेली. मास्तर हात जोडून म्हणाले, "तानबाजी, तुमचे लई उपकार झाले. आता घरी येजा. सिंदी मेघेले. चहा पियाले येजा." आपल्याकडं निरोप घेताना माणूस एवढं म्हणतोच. न म्हणणाऱ्याला माणूस म्हणत नाहीत.

"येतो ना मास्तर," पडदा म्हणाला होता.

६

संध्याकाळी इला अंगणात पाणी मारत होती. मास्तरांनी सहज विचारावं तसं विचारलं, "दवाखान्यात माझ्या बाजूले एक म्हातारे होते. त्यांचं काय झालं?"

"कोणत्या बाजूले?"

"डावीकडं. हिरवा पडदा होता ना."

इलानं नळी खाली ठेवली. "बाबा, तुमची कॉट कोपऱ्यातली होती. त्या पडद्यामागं भिंत होती. भिंतीतून ऑक्सिजनचे नळ आलते म्हणून पडदा लावून ठेवला होता." मग बापाचा चेहरा पाहून ती मऊ आवाजात म्हणाली, "औषधांनी होते तसं. डॉक्टरनं सांगतलं होतं."

मास्तरांनी मान हलवली. औषधांनी होतं, हे त्यांनाही पटत होतं. औषधांनी माणसाला आवाज ऐकू येतात, पावलं दिसतात. औषधांनी राउटरच्या लहरी अडत नाहीत, एवढीच अडचण होती.

इलानं नळ बंद केला. "तुमाले सांगणार नव्हती," ती म्हणाली. "ऑफिसनं कळवलं. सोमवारी माझं मोठं सादरीकरण आहे, परदेशातले लोक येऊन राह्यले ऐकाले. त्यात पुन्हा नेट तुटलं तर परत बंगळूरले बोलावतील. नाई तर नोकरी सोड."

"मंग दुसऱ्या खोलीत बस."

"बसून पाहिलं बाबा. तुमी झोपले होते तेव्हा तुमच्या खोलीत, राउटरजवळ बसली. तिथंई तुटलं."

मास्तरांच्या अंगावर भर उन्हाळ्यात काटा आला. म्हणजे आपण झोपलो की तो खुर्चीत बसून राहत नाही. तो उठून येतो आणि आपल्या उशाशी बसतो. इला परत जाणार, हे दुःख मोठं होतं. पण ती गेल्यावर आपण, पद्मा आणि तो, एवढंच घरात उरणार, हा विचार त्यांना दुःखाहून मोठा वाटला. लेक जवळ असावी. बाकी काय व्हायचं ते होवो, पण तेव्हा लेक जवळ असावी, एवढं एकच मागणं त्यांना उरलं होतं.

७

रविवारी पद्माताई गहू निवडत होत्या. मास्तर त्यांच्यासमोर येऊन बसले.

"काय गं, एखादा पाहुणा आला आन् उठायचंच नाव घेत नसला तं काय करावं?"

"कोण आलं?"

"कोणी नाई. इचारून राह्यलो."

"त्याले चहा दिला का?"

मास्तर सुपातल्या गव्हाकडं पाहू लागले.

"चहा दिल्याबिगर पाहुणा उठते का कुठं?" पद्माताईंनी सुपाला झटका दिला. "उठला तं घरवाल्याचा अपमान. बिचारा बसून राहते, कवा आणतील म्हणून वाट पाह्यते. तुमच्या त्या भावाकडं आपण नाई का बसलो होतो, दिवेलागण होऊन गेली तरी. चहा झाला का माणूस आपोआप म्हणते, चला येतो."

मास्तरांनी कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. चहाला या म्हणून आपणच बोलावलं. तो आला, ऊन सुरू झाल्यापासून येऊन बसलाय, आणि या घरानं त्याला साधं पाणी विचारलं नाही. वर खुर्ची काढली. वर त्याच्याभोवती खडूनं फुल्या मारल्या. ज्या माणसानं आपल्याला जागं ठेवलं, त्याच्याशी आपण असं वागलो. भीती होतीच, पण तिच्यावर आता शरमेचा जाड थर चढला होता.

"तुमचा चेहरा असा काऊन झाला?" पद्माताईंनी विचारलं.

"तू लई हुशार आहे," मास्तर मनापासून म्हणाले.

"हे सांगाले दवाखान्यातून वापस यावं लागलं का?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा गव्हाकडं वळल्या.

८

सोमवारी पद्माताई बोरगाव मेघेला बहिणीकडं गेल्या. उन्हं कलती झाली तेव्हा इला खोलीत जाऊन बसली. दार लोटून घेण्याआधी तिनं बापाकडं एकवार पाहिलं. तोंड सुकलं होतं तिचं. मास्तरांनी हातानंच सांगितलं, होईल सगळं.

मग ते स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटवला. आलं ठेचलं, दूध घातलं, चहा उकळू दिला. आधी तांब्याभर पाणी आणि गिलास तिपाईवर नेऊन ठेवला, कारण पाहुण्याला आधी पाणी. मग बशीसकट दोन कप. एक वेताच्या खुर्चीपुढं, एक आपल्यापुढं. फोन त्यांनी मांडीवर उघडा ठेवला. काटा पडलेला होता. आतून इलाचा आवाज तुटत तुटत येत होता, सॉरी, सॉरी म्हणत.

"घ्या तानबाजी," मास्तर म्हणाले. "उशीर झाला. माफी असावी."

पाहुणा चहा घेत असताना त्याच्या तोंडाकडं टक लावून पाहू नये, म्हणून त्यांनी नजर आपल्या कपावर ठेवली आणि बोलायला लागले. बोलायचं फार साचलं होतं.

"तुमी नसते तं मी त्या दिवशी झोपलो असतो. झोप बी किती गोड होती. पण तुमी इचारत गेले. तुमच्यामुळं मी घरी आलो. पद्माच्या हातचं खाल्लं. पोरीचा आवाज रोज सकाळी ऐकला. अंगणातल्या कडुलिंबाले नवी पालवी आली, ती पाह्यली. हे सारं वरकड होतं तानबाजी, माझ्या हक्काचं नव्हतं. तुमी दिलं ते. मी लई सुखी आहो." त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "फक्त पोरीले राहू द्या माझ्यापाशी. तिचं तेवढं अडवू नका."

कूलर चालू होता. वेत करकरला नाही. बाहेर रस्त्यावर कोणी नव्हतं. मास्तरांनी आपला चहा संपवला आणि मग, संपवल्यावरच, समोर पाहिलं.

समोरचा कप भरलेला होता. एक थेंब कमी झाला नव्हता. त्यांनी कप उचलून बाजूला ठेवण्यासाठी हात लावला, आणि हात मागं घेतला. कप माठासारखा गार होता. त्याच किटलीतला, त्याच वेळी ओतलेला चहा, मे महिन्यातल्या वर्ध्यात. उष्णता कुठं जात नाही, ती कोणाला तरी दिली जाते, असं ते मुलांना शिकवत आले होते.

खुर्चीचा वेत करकरला. बसलेला माणूस हातांवर भार देऊन उठतो तसा, लांब आणि सावकाश. मांडीवरच्या फोनचा काटा थरथरला आणि चढू लागला.

९

पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवावं लागतं. मास्तर उठले, बैठकीचं दार उघडलं आणि एका बाजूला होऊन उभे राहिले. अंगावरून थंड हवा गेली. कूलर दुसरीकडं होता.

अंगणात ऊन तिरपं झालं होतं. कडुलिंबाच्या फांद्या फाटकावर इतक्या खाली आलेल्या की त्यांच्याआड माणूस गुडघ्यापर्यंतच दिसावा. मास्तर पायरीवर थांबले. फांद्यांखाली, तापलेल्या मातीवर, त्यांना दोन पावलं दिसली. अनवाणी, भेगांत काळी माती. ती फाटकाकडं चालली होती, घाई नसलेल्या माणसासारखी. एवढंच दिसलं. फांद्यांच्या वर काय आहे ते पाहायला मास्तर वाकले नाहीत, आणि वाकले नाहीत हेच बरं केलं, असं त्यांना पुढं कायम वाटत राहिलं.

फाटकाशी पावलं थांबली. मग ती वळली. आता अंगठे मास्तरांच्या दिशेनं होते.

कोणीतरी खाकरलं. "चहा झकास होता मास्तर," आवाज म्हणाला. "आता तुमी येजा आमच्याकडं."

"हो, येतो ना," मास्तर म्हणाले.

म्हणून झालं आणि मग त्यांना कळलं आपण काय म्हणालो ते. पण दुसरं म्हणायचं तरी काय? असं कोणी बोलावल्यावर नाही म्हणणं त्यांच्या जिभेला येतच नव्हतं. छातीत एक बारीक कळ उठली, थोडा वेळ थांबली आणि मावळली. फाटकाखालच्या मातीवर आता नुसतं ऊन होतं. मास्तरांनी दोन्ही हात जोडले होते ते तसेच राहिले.

भीती गेली नव्हती, ती आता घरच्या माणसासारखी त्यांच्यात येऊन बसली. पण तिच्या शेजारी दुसरं काही होतं, आणि तेच मोठं होतं. बोलावणारा परका नव्हता. त्यानं आधी येऊन चहा घेतला होता.

मागून धावत पावलं आली. इला होती, चेहरा फुललेला. "बाबा, झालं. शेवटी इतकं साफ चाललं, एकदाई तुटलं नाई. राहा म्हणाले इथंच, जितके दिवस पाहिजे तितके." मग तिनं त्यांचे जोडलेले हात पाहिले. "कोणाले नमस्कार करून राह्यले?"

"पाहुणे आलते. चहा पियाले."

"मले दिसले नाई. कोण?"

"ओळखीचे आहेत. गेले आता." मास्तरांनी हात खाली घेतले. "आता तुमी या म्हणे आमच्याकडं."

"मंग तुमी काय म्हटलं?"

"येतो म्हटलं. दुसरं काय म्हणते माणूस."

"कवा जायचं?"

"ते नाई इचारलं. तारीख कुठं इचारते कोणी."

इलानं त्यांच्या दंडाला धरलं आणि पायरीवरून आत वळवलं. उन्हात उभं राहिल्याबद्दल थोडं रागावली, घाम पुसला. मग लाडानं म्हणाली, "एकटे नका जाऊ बाबा. जायचं असलं का मले सांगजा. मी आहे ना आता इथं. मी तिथवर सोडून देईन."

मास्तरांचा जीव भरून आला. एवढं तर त्यांनी मागितलंही नव्हतं.

"सांगीन," ते म्हणाले.